तेरापैकी तेरा!

तेरा जिल्ह्यांत निवडणूक झाली आणि तेराच्या तेरा जिल्हे जनतेने जिंकले! एकही निसटला नाही. एकाही ठिकाणी सरकार पक्षाला तोंड वर करून बोलायला जागा उरली नाही. ही गोष्ट आहे १९०४ सालच्या मार्च महिन्यातली, आणि मुलूख आहे वेल्स.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ प्रदेश. दक्षिणेला कोळशाच्या खाणी, उत्तरेला पाटीच्या दगडाच्या खाणी. १९०१ च्या शिरगणतीत तिथली वस्ती सुमारे वीस लाख, आणि त्यातली निम्मी माणसे वेल्श भाषा बोलणारी. ही भाषा इंग्रजीची धाकटी बहीण नव्हे, फार तर लांबच्या नात्यातली. तिची शाखा वेगळी, तिचे बोल वेगळे. पण कोर्टात इंग्रजी, कचेरीत इंग्रजी, शाळेत इंग्रजी!

कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या जिल्हा कौन्सिलांच्या निवडणुकीशी गिरणी कामगाराला काय देणेघेणे? आम्ही म्हणतो, देणेही आहे आणि घेणेही आहे. कारण त्या निवडणुकीत भांडण होते ते दोनच शब्दांचे : पैसा कोणाचा आणि हुकूम कोणाचा? ज्याने महिनाअखेर पगाराच्या पाकिटातली कपात मोजली आहे, त्याला हे भांडण समजावून सांगावे लागत नाही.

आधी त्या मुलखातले धनी कोण होते ते पाहू. गावचा जमीनदार, गावचा पाद्री आणि गावचा मॅजिस्ट्रेट, ही तीन नावे पण घर एकच! जमीनदार इंग्रजी बोलणारा. पाद्री सरकारमान्य चर्चचा. मॅजिस्ट्रेट बहुतेक वेळा त्या दोघांपैकीच एक. १८८९ पर्यंत जिल्ह्याचा सारा कारभार या मॅजिस्ट्रेट मंडळींच्या हाती होता. त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते आणि म्हणून त्यांना कोणी खाली खेचूही शकत नव्हते.

आणि लोक? लोक सरकारी चर्चमध्ये जात नव्हते. त्यांनी आपली साधी प्रार्थनाघरे बांधली होती. त्यांना ते चॅपल म्हणत. कोणी मेथॉडिस्ट, कोणी बाप्टिस्ट, कोणी स्वतंत्र पंथाचा. खाणकामगाराने आणि कुळाने पेनी पेनी साठवून ही चॅपले उभी केली. तिथे प्रवचन वेल्शमध्ये, गाणे वेल्शमध्ये, रविवारची शाळा वेल्शमध्ये. पुढे सरकारनेच एक आयोग नेमला, त्याचा अहवाल १९१० मध्ये आला. त्यात चॅपलांचे सभासद सुमारे साडेपाच लाख भरले आणि सरकारी चर्चचे दोन लाखही भरले नाहीत. तरीही राज्यमान्यता कोणाला? दोन लाखांना!

या लोकांनी मताची किंमत आधीच मोजलेली होती. १८६८ च्या निवडणुकीत वेल्समधल्या कित्येक कुळांनी जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिले. तेव्हा मतदान उघड होते. कोणी कोणाला मत दिले ते साऱ्या गावाला कळायचे. निवडणूक संपली आणि जमीनदारांनी कुळांना बायकामुलांसकट शेतावरून हुसकून काढले. ती हकिगत पार्लमेंटपर्यंत पोहोचली, आणि १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला त्यामागे या घरे गमावलेल्या कुळांची हायही होती. मतपेटीला जे झाकण आहे, बंधूंनो, ते कोणी दान म्हणून बसवलेले नाही.

आता शाळेकडे वळू. १८४६-४७ मध्ये लंडनहून तीन इंग्रज साहेब वेल्समधल्या शाळा तपासायला आले. तिघांनाही वेल्श येत नव्हती. तिघांनी मिळून निळ्या वेष्टनाचा जाडजूड अहवाल लिहिला आणि ठरवून टाकले की या लोकांची भाषाच त्यांच्या मागासपणाला आणि अनीतीला कारण आहे. ज्याला माझी भाषा कळत नाही तो माझी नीती मोजणार! वेल्श माणूस आजही त्या अहवालाला विश्वासघात म्हणतो. त्या काळात अनेक शाळांत मुलाच्या तोंडून वेल्श शब्द गेला की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलला की तुकडा त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात तुकडा, त्याच्या पाठीवर छडी. म्हणजे पोराने पोराची चुगली करायची, हीच तिथली पहिली शिकवण!

१८७० च्या कायद्याने लोकांनी निवडलेली शाळा मंडळे आली आणि थोडा मोकळा श्वास मिळाला. पण १९०२ मध्ये हुजूर पक्षाचे प्रधानमंत्री बाल्फर यांनी नवा शिक्षण कायदा आणला आणि ती शाळा मंडळे मोडीत काढली. शिक्षण जिल्हा कौन्सिलांकडे दिले. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण त्याच कायद्याने चर्चच्या शाळांचा चालू खर्च जनतेच्या स्थानिक पट्टीतून द्यायचा असे ठरवले. आणि त्या शाळांचा कारभार कोणाकडे? सहा जणांच्या मंडळात चार चर्चचे, दोन लोकांचे! पगार आमच्या पैशाने, पण मुख्याध्यापक नेमणार पाद्री. कित्येक खेड्यांत चर्चची शाळा हीच एकुलती एक शाळा. तिथे चॅपलवाल्याचे मूल शिकायला चालत होते, चॅपलवाल्याची पट्टी चालत होती, पण चॅपलवाला मुख्याध्यापक म्हणून चालत नव्हता. वर्गणी सगळ्यांची आणि चावी एकाच्या कमरेला, असला हा मामला!

या कायद्याचा आणखी एक घाव होता. त्याची तेव्हा फारशी बोंब झाली नाही, पण आमच्या कामगार भगिनींनी तो ध्यानात ठेवावा. जुन्या शाळा मंडळांवर स्त्रिया निवडून येत होत्या. जिल्हा कौन्सिलावर स्त्रीला उभे राहता येत नव्हते. मंडळे गेली तशी निवडून येण्याची ती वाटही गेली. शिक्षण समितीवर कोणी घेतले तर घेतले, एवढेच उरले. कौन्सिलावर उभे राहण्याचा हक्क स्त्रियांना १९०७ मध्ये मिळाला.

इंग्लंडमध्येही या कायद्याविरुद्ध खवळून उठलेली माणसे होती. त्यांनी पट्टी न भरण्याचा सत्याग्रह केला. बाप्टिस्ट धर्मगुरू जॉन क्लिफर्ड त्यांचे पुढारी. लोकांच्या घरातली भांडीकुंडी जप्त झाली, लिलावात निघाली, काहीजण तुरुंगात गेले. त्यागाला आमचा नमस्कार आहे. पण वेल्समध्ये दुसरा एक डाव हाती होता. तिथे कौन्सिलच लोकांच्या हातात येऊ शकत होते. मग एकेकाने पट्टी नाकारण्यापेक्षा पट्टीची तिजोरीच ताब्यात का घेऊ नये?

हा डाव मांडला डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी. लहानपणी बाप गेलेला, चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी वाढलेला, गावात वकिली करणारा हा तरुण १८९० च्या पोटनिवडणुकीत अवघ्या १८ मतांनी पार्लमेंटात गेला होता. त्यांनी कायद्याचे कलम न् कलम चाळले आणि हवे ते सापडवले. शाळेची इमारत सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याच कायद्याने चर्चवर टाकली होती. आणि चर्चच्या कित्येक इमारती कशा होत्या? गळकी छपरे, कोंदट खोल्या, घाण मोऱ्या! मग कौन्सिलांनी सांगायचे : आधी इमारत नीट करा. मंडळावर लोकांचे नियंत्रण आणा. शिक्षकाला त्याचा पंथ विचारू नका. मग बघू पट्टीच्या पैशाचे!

कामगार बंधूंनो, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? नियमावर बोट ठेवून काम करणे! कायदा मोडला असे कोणी म्हणायचे नाही, आणि सरकारचे चाक तर पुढे सरकायचे नाही. यंत्राची सगळी कलमे धन्याला पाठ नसतात. यंत्रावर उभा राहणाऱ्याला ती पाठ असतात.

त्या दिवसांत वेल्समधला कष्टकरी कोणत्या मनाने मतदानाला गेला तेही समजून घ्या. उत्तरेत बेथेस्डा गावी लॉर्ड पेन्रिन याच्या पाटीच्या खाणीत १९०० च्या नोव्हेंबरात झगडा पेटला. सुमारे २८०० माणसे बाहेर पडली. तीन वर्षे, होय, तीन वर्षे लोकांनी तग धरला. घराघराच्या खिडकीत पाटी लागली होती : ह्या घरात गद्दार नाही. शेवटी १९०३ च्या नोव्हेंबरात उपासमारीने संप मोडला. खाणीचा धनी, मोठा जमीनदार आणि सरकारी चर्चचा आधारस्तंभ, सगळे एकच माणूस. दक्षिणेत टाफ व्हेल रेल्वेच्या संपापायी लॉर्डांच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९०१ मध्ये निकाल दिला की संपाच्या नुकसानीला युनियन जबाबदार, आणि रेल्वे कामगारांच्या युनियनला २३ हजार पौंड भरावे लागले. संप करा आणि वर दंड भरा! अशा दोन जखमा अंगावर असताना १९०४ चा मार्च आला.

मत सगळ्यांना नव्हते. घर किंवा जागा ताब्यात असून पट्टी भरणाऱ्याला मत. दुसऱ्याच्या घरात बिछान्यापुरती जागा घेऊन राहणाऱ्या एकट्या खाणकामगाराला मत नाही. बाईला मत, पण ती अविवाहित किंवा विधवा असून स्वतः पट्टी भरत असेल तरच. कौन्सिलरला पगार नाही, म्हणजे खाणीत पाळी करणाऱ्याने बैठकीला जायचे तर रोज बुडवायचा. इतक्या चाळण्यांतून गाळून उरलेल्या मतांवर ही निवडणूक झाली. आणि तरीही वेल्सचे बारा जिल्हे अधिक मॉनमथशायर, असे तेराही त्या कायद्याच्या विरोधकांकडे आले! ग्लॅमरगनसारखा कोळशाचा जिल्हा आला यात नवल नाही. पण इंग्लंडच्या शिवेला चिकटलेले ब्रेकनॉक आणि रॅडनरही आले.

इथे सरकार शहाणे असते तर लोकमत ओळखते. पण गादीवर बसलेल्याला आरसा आवडत नाही. पुढच्याच महिन्यात सरकारने नवे विधेयक आणले, आणि ऑगस्ट १९०४ मध्ये त्याचा कायदा झाला. मतलब असा : कौन्सिल चर्चच्या शाळेला पैसे देत नसेल तर लंडनचे शिक्षण खाते परस्पर देईल आणि तेवढी रक्कम कौन्सिलाच्या अनुदानातून कापून घेईल. ओळखीची वाटते ना ही रीत? तू सही देऊ नकोस, आम्ही पगारातून कापून घेतो! वेल्सने या कायद्याला जुलमाचा कायदा म्हटले. चर्चा मध्येच आटोपती घेतली गेली तेव्हा विरोधी खासदार सभागृहातून उठून गेले.

ऑक्टोबर १९०४ मध्ये कार्डिफला परिषद भरली. ठरले असे की ज्या जिल्ह्यावर हा कायदा लादला जाईल तिथल्या कौन्सिलाने शाळांच्या कारभारातून हात काढून घ्यावा, पालकांनी चर्चच्या शाळांतून मुले काढावीत आणि चॅपलांत शाळा भरवाव्यात. १९०५ मध्ये घाव पहिल्याने मेरिओनेथ जिल्ह्यावर पडला. तिथे काही ठिकाणी खरोखरच बंडाच्या शाळा निघाल्या. बंड म्हणजे काय? तर पाटी-दप्तर घेऊन पोरांनी दुसऱ्या दारातून आत जायचे! पण हे किती दिवस चालले असते, सांगता येत नाही. मुलाचे वर्ष वाया घालवून आईबापाने किती महिने लढायचे, हा प्रश्न घोषणेने सुटत नाही. डिसेंबर १९०५ मध्ये बाल्फर यांचे सरकार गेले आणि ताण सुटला. १९०६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वेल्समधून हुजूर पक्षाचा एकही माणूस पार्लमेंटात गेला नाही. एकही!

मग जिंकले म्हणायचे का? इथेच आम्हाला वाचकांना थांबवायचे आहे. फटाके वाजवून झाल्यावर हिशेबाची वही उघडावी लागते.

१९०२ चा कायदा रद्द झाला का? नाही झाला. नव्या उदार पक्षाच्या सरकारने १९०६ मध्ये दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्यांना कोणी निवडून दिलेले नाही अशा लॉर्डांच्या सभागृहाने ते मोडून फेकले. आणि गंमत ऐका! त्याच डिसेंबरात त्याच लॉर्डांनी कामगारांचे विधेयक मात्र मुकाट्याने जाऊ दिले. टाफ व्हेलचा निकाल त्या कायद्याने पुसला गेला आणि युनियनची तिजोरी वाचली. असे का झाले? लॉर्डांना कामगारांचा एकाएकी कळवळा आला? छे! चॅपलवाला रागावला तर प्रार्थना करील, पण देशभरचा संघटित कामगार रागावला तर काय करील याची त्यांना धास्ती होती. म्हणून एक विधेयक मेले आणि दुसरे जगले. हे आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे पान आहे.

दुसरी नोंद. १९०७ मध्ये शिक्षण खात्यात वेल्ससाठी वेगळा विभाग निघाला आणि त्याचे मुख्य निरीक्षक झाले ओ. एम. एडवर्ड्स. मेरिओनेथमधल्या आपल्या गावच्या शाळेत लहानपणी त्यांच्या गळ्यात तो लाकडी तुकडा अडकवला गेला होता. तोच मुलगा मोठा होऊन शाळा तपासायला निघाला आणि वेल्शला वर्गात जागा द्या म्हणून सांगू लागला. लॉर्डांचा नकाराधिकार १९११ मध्ये छाटला गेला. त्यामुळेच १९१४ मध्ये वेल्समधल्या चर्चची राज्यमान्यता काढून घेणारा कायदा होऊ शकला, आणि १९२० मध्ये तो अमलात आला. मतपेटीत टाकलेल्या चिठ्ठीला फळ यायला सोळा वर्षे लागली.

तिसरी नोंद कडू आहे, पण लिहिलीच पाहिजे. स्वान्सी शहराच्या कौन्सिलाने पुढे एका चर्चच्या शाळेतल्या शिक्षकांना आपल्या स्वतःच्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा कमी पगार दिला. भांडण पाद्र्याशी, आणि कात्री लागली कोणाच्या पगाराला? मास्तराच्या! प्रकरण लॉर्डांच्या न्यायपीठापर्यंत गेले आणि १९११ मध्ये निकाल कौन्सिलाची पाठराखण करणाऱ्या शिक्षण खात्याच्या विरुद्ध लागला. आमचे मत साफ आहे. एकाच कामाला दोन दर लावणारा मालक चर्चचा असो की जनतेने निवडलेला असो, तो चुकतोच. लढाई कितीही न्याय्य असली तरी तिचा खर्च हाताखालच्या नोकराच्या पाकिटातून वसूल करायचा नसतो.

आणि चौथी नोंद भाषेची. शाळेची चावी पाद्र्याच्या कमरेवरून काढायला लोक इतके झटले, पण वर्गात कोणती भाषा चालेल याचा आग्रह पुढाऱ्यांनी तितक्या जोराने धरला नाही. १८८९ च्या कायद्याने वेल्समध्ये लोकांच्या पैशाने माध्यमिक शाळा निघाल्या होत्या. धनी आपलेच, आणि शिकवणे मात्र मुख्यतः इंग्रजीत! १९०१ मध्ये निम्मी माणसे वेल्श बोलत होती, १९२१ मध्ये ते प्रमाण शेकडा ३७ वर आले. याला दुसरीही कारणे होती. कोळशाच्या धंद्यामागे बाहेरून माणसांचे लोंढे आले, महायुद्ध झाले. पण आपल्या हातात आलेली शाळा आपली भाषा शिकवत नसेल, तर नुसता कारभारी बदलून काय उपयोग?

तरीही आम्ही ठामपणे म्हणतो की १९०४ चे ते मत वाया गेले नाही. ज्या मुलखात छत्तीस वर्षांपूर्वी मत दिले म्हणून माणूस बेघर होत होता, त्याच मुलखात कुळाने आणि खाणकामगाराने तेराही जिल्हे जिंकून राज्यकर्त्यांना सांगितले की आमचा पैसा तिथेच जाईल जिथे आमचा शब्द चालेल. सरकारला त्यांच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला, यातच त्यांचे वजन दिसते. पण जिल्हा जिंकला म्हणजे राज्य जिंकले असे नव्हे, हेही त्याच कायद्याने त्यांना शिकवले. खालच्या पायरीवर मिळवलेले वरच्या पायरीवरून हिरावून घेतले जाते. म्हणून दोन्ही पायऱ्यांवर पाय रोवून उभे राहावे लागते, आणि त्या उभ्या राहण्याला संघटनेचा कणा लागतो. लॉर्ड कशाला घाबरले ते वर सांगितलेच आहे.

म्हणून, गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो, कौन्सिल असो, नगरपालिका असो की विधानसभा असो, झेंडा कोणत्याही रंगाचा असो, तुमच्या दारी मत मागायला येणाऱ्याला आधी बसायला द्या, पाणी द्या, आणि मग चार प्रश्न विचारा. आमच्या करातला पैसा कोणाच्या ताब्यात जाणार? त्या पैशावर चालणाऱ्या जागी माणसे कोण नेमणार? वरून हुकूम आला की तुम्ही आमच्या बाजूला उभे राहणार की हुकमाच्या? आणि तुमच्या हाताखाली राबणाऱ्याला सारख्या कामाचा सारखा दाम देणार की नाही?

चारही उत्तरे सरळ आली तर मत द्या. एकही वाकडे आले, तर त्याला हात जोडून निरोप द्या आणि तुमच्यातलाच माणूस उभा करा!